ओळखीच्या शब्दांचा दगा : कोकणातले जुने इंग्रजी कागद कसे वाचावेत

१६७४ च्या मे महिन्यात ईस्ट इंडिया कंपनीचा वकील हेन्री ऑक्झेंडन मुंबईहून रायगडाकडे निघाला. चौलपर्यंत समुद्र, तिथून खाडीने आत आणि पुढे खुष्कीचा रस्ता, असा त्याचा मार्ग होता. जॉन फ्रायर या कंपनीच्या डॉक्टरने हा वृत्तांत आपल्या प्रवासवर्णनात घेतला आणि ते पुस्तक १६९८ मध्ये लंडनला छापून निघाले. त्यात चौलनंतरचे ठिकाण आहे 'एस्थेमी' आणि त्यापुढचे 'निशामपोर'. लंडनच्या वाचकाला दोन्ही नावे सारखीच परकी. रोह्याच्या माणसाने मात्र पहिले नाव एकदा मोठ्याने वाचले की पुरे. कुंडलिका नदीच्या पलीकडच्या काठावरची ती अष्टमी. निशामपोर म्हणजे माणगाव तालुक्यातले निजामपूर. आज रोह्याहून निजामपूरला निघालेली गाडी कोलाडवरूनच पुढे जाते.

म्हणजे कोलाडच्या परिसराचे सतराव्या शतकातले वर्णन इंग्रजीत उपलब्ध आहे, आणि शिवकालाबद्दल लिहिणारा प्रत्येक जण या कागदांचा आधार घेतो. अडचण अशी की ते इंग्रजी आपण शाळेत शिकलो ते नव्हे. त्यातली निम्मी नावे आपलीच आहेत, पण ओळखू येत नाहीत. उरलेले शब्द ओळखीचे वाटतात, पण त्यांचे अर्थ वेगळे आहेत. अनोळखी नाव दिसले तर वाचक थबकतो, शोध घेतो. ओळखीचा शब्द दिसला की तो पुढे जातो, आणि बहुतेक चुका तिथेच होतात. हे कागद वाचायची साधने कोणती, त्यांची मजल कुठवर आणि काय करायचे राहिले आहे, याचा हा आढावा.

कागद आणि अक्षरे

मूळ सामग्री म्हणजे सुरत, राजापूर, मुंबई इथल्या वखारींची पत्रे, कौन्सिलच्या बैठकींची टिपणे आणि वकिलांच्या रोजनिश्या. विल्यम फॉस्टरने १६१८ ते १६६९ या काळातल्या कागदांचे तेरा खंड १९०६ ते १९२७ या काळात प्रसिद्ध केले. महाराष्ट्रात न. चिं. केळकर आणि द. वि. आपटे यांनी पुण्याच्या शिवचरित्र कार्यालयातर्फे हे काम हाती घेतले. 'शिवकालीन पत्रसारसंग्रहा'चे पहिले दोन खंड १९३० मध्ये आले आणि शिवाजी महाराजांविषयीच्या इंग्रजी कागदांचा संग्रह १९३१ मध्ये. पत्रसारसंग्रहामुळे इंग्रजी न येणाऱ्या वाचकालाही या कागदांतला मजकूर मराठीत मिळू लागला. मात्र सार म्हटले की मूळ शब्द गळतो. सारात 'पैसे' असतील तर मुळात रुपये होते, होन होते की लारी, ते कळत नाही. वाद शब्दावरून असेल तर मुळाकडे जाण्यावाचून गत्यंतर नसते.

मुळाकडे गेल्यावर पहिली गाठ अक्षरांशी पडते. त्या काळच्या छपाईत शब्दाच्या सुरुवातीचा आणि मधला 'एस' लांबट काढत. तो 'एफ'सारखा दिसतो आणि नवख्याला शब्दच भलता वाचायला लावतो. हस्तलिखितात 'यू' आणि 'व्ही' एकमेकांच्या जागी येतात, तसेच 'आय' आणि 'जे'. नावात 'व्ही' दिसला म्हणजे तिथे 'व'च असेल, असे धरून चालता येत नाही.

सर्वांत मजेशीर प्रकरण 'वाय' अक्षराचे. कंपनीच्या पत्रांत पानोपानी 'वाय' आणि त्याच्या डोक्यावर बारीक 'ई' दिसतो. त्याला 'यी' म्हणावेसे वाटते, पण तो शब्द आहे 'द', इंग्रजीतले सर्वांत साधे उपपद. प्राचीन इंग्रजीच्या वर्णमालेत 'थ' आणि 'द' या उच्चारांसाठी थॉर्न नावाचे एक स्वतंत्र अक्षर होते. पुढे हाताच्या लिखाणात त्याचा आकार 'वाय'सारखा झाला आणि छापखान्यांनी ते अक्षर टाकून दिले. कारकुनांच्या हातात मात्र ही सवय शेकडो वर्षे टिकली. त्यामुळे राजापूरच्या वखारीत बसलेला कारकून नकळत हजार वर्षांपूर्वीचे एक अक्षर गिरवत होता. हे ठाऊक नसेल तर वाचक पहिल्याच ओळीत अडखळतो.

कानांनी लिहिलेली नावे

अक्षरे लागली की उच्चार. कंपनीच्या माणसांना आपली नावे कोणी लिहून दिली नव्हती. त्यांनी ती ऐकली आणि आपल्या भाषेच्या सवयीने कागदावर उतरवली. त्यामुळे या स्पेलिंगमागे नियम आहेत.

पहिला नियम 'यू'चा. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात दक्षिण इंग्लंडच्या बोलीत ऱ्हस्व 'यू' बऱ्याच शब्दांत 'अ'च्या जवळ आला होता. म्हणून पंडित, बंदर, संभाजी या शब्दांतल्या 'अ'साठी त्यांनी 'यू' घातला. आज कोणी ते 'पुंडित', 'बुंदर', 'सुंबाजी' असे वाचले तर दोष स्पेलिंगचा नाही. शेवटी दोन 'ई' आले की 'ई'. 'जी' अक्षरापुढे 'ई' आला की 'ज'. शेवटचा एकटा 'ई' बहुधा मुका, म्हणून 'चौले' असे दिसले तरी वाचायचे 'चौल'.

दुसरा नियम गळतीचा. ट आणि त, ठ आणि थ, ण आणि न हे भेद इंग्रजी कानाला ऐकू येत नाहीत. ख, घ, भ यांतला ह बऱ्याचदा उडतो. न्ह, म्ह यांचे तेच. कान्होजी आंग्रे त्यांच्या कागदांत 'कोनाजी अँग्रिया' होतात. नारायण शेणवी, म्हणजे महाराजांशी झालेल्या १६७४ च्या बोलणीतला कंपनीचा दुभाषी, 'नारन सिनाय' होतो. ही अडचण अजूनही संपलेली नाही. कोलाड स्थानकाच्या रोमन पाटीवरही ड आणि द यांना एकच अक्षर आहे. गाव माहीत नसलेल्याने 'कोलाद' वाचले तर पाटी त्याला रोखत नाही.

तिसरा नियम ओढीचा. अनोळखी नाव ओळखीच्या नावाकडे झुकते. थळच्या समोरच्या समुद्रातली उंदेरी आणि खांदेरी ही बेटे इंग्रजी कागदांत 'हेन्री-केनरी' किंवा 'हेंड्री-केंड्री' अशी जोडीने येतात. खांदेरीची केनरी झाली ती दुसऱ्या नियमाने. उंदेरीला सुरुवातीचा 'ह' मात्र आपल्याकडून मिळालेला नाही. इंग्लंडमधला घरोघरचा हेन्री तिथे येऊन बसला. १६७९ च्या खांदेरीच्या लढाईचे कागद वाचताना हे ध्यानात ठेवावे लागते, नाहीतर हेन्री नावाचा कोणी अंमलदार शोधत बसायची पाळी येते.

चौथा मुद्दा मधल्या तोंडांचा. इंग्रजांच्या आधी दीडशे वर्षे पोर्तुगीज या किनाऱ्यावर होते आणि इंग्रजांनी पुष्कळ शब्द थेट मराठीतून न घेता त्यांच्याकडून उचलले. महाराजांचे नाव याचे चांगले उदाहरण आहे. इंग्रजी कागदांत ते बहुधा 'एस-ई-व्ही-ए-जी-ई-ई' असे येते. इंग्रजी वळणाने पाहिले तर पहिला 'ई' दीर्घ, म्हणून उच्चार 'सीवाजी'. पण पोर्तुगीजही असेच लिहीत आणि त्यांच्या 'ई'चा उच्चार 'ए'कडे जातो. उत्तरेकडच्या बोलण्यातही 'सेवा' हे रूप होतेच. मग इंग्रज कारकुनाने नाव कानाने ऐकून लिहिले की पोर्तुगीज कागदावरून उतरवले? दोन्ही शक्य आहे. 'इंग्रज महाराजांना अमुक म्हणत' असे ठासून सांगण्याइतका पुरावा एकट्या स्पेलिंगमध्ये नसतो.

गावांच्या नावांत आणखी एक गुंता आहे. पुणे, ठाणे यांची इंग्रजी रूपे आकारान्त झाली. ती हिंदुस्थानीतल्या पूना, ठाना यांवरून आली असे सहसा मानतात. पण 'पुण्याला', 'ठाण्याहून' ही रूपे सतत कानावर पडल्यानेही तोच परिणाम झाला असेल, असा तर्क करता येतो. रोहे आणि रोहा ही दोन्ही रूपे मराठीत चालतात आणि दोन्हींचे 'रोह्याला'च होते. परक्या कानाने नाव कोणत्या विभक्तीत ऐकले, हा प्रश्न या क्षेत्रात फारसा कोणी विचारलेला नाही.

आपलेच शब्द, त्यांच्या तोंडी

इंग्रजी वेश घेतलेले आपले शब्द हा तिसरा थर. काही सहज ओळखू येतात. मण, खंडी, कोस, सराफ, ताडी, घाट, चौथ यांना फार कष्ट पडत नाहीत. गुराब आणि गलबत ही जहाजेही ओळखता येतात. काही शब्द मात्र हमखास फसवतात.

'काउल' असा शब्द या कागदांत वारंवार येतो. इंग्रजी कोशात पाहिले तर ख्रिस्ती साधूंची टोपी असा अर्थ निघतो. प्रत्यक्षात तो आपला कौल आहे. तोही आजचा निवडणुकीचा किंवा देवाचा कौल नव्हे. त्या काळी कौल म्हणजे सरकारने रयतेला, व्यापाऱ्याला किंवा शरण आलेल्याला दिलेले अभयाचे वचनपत्र. इथे एका शब्दासाठी दोन भाषांचे जुने अर्थ माहीत असावे लागतात.

'बॅटी' आणि 'बॅटा' ही दुसरी जोडी. मुंबईच्या जुन्या कागदांत 'बॅटी' म्हणजे भात, सडायच्या आधीचे, तुसासकटचे. कुंडलिकेच्या खोऱ्यातल्या भातखाचरांसारखी जमीन या इंग्रजीत 'बॅटी ग्राउंड' ठरते. 'बॅटा' हा वेगळाच शब्द, आणि त्याचेही अर्थ दोन. फौजेच्या हिशेबात तो भत्ता असतो आणि नाण्यांच्या व्यवहारात बट्टा, म्हणजे एका नाण्याचे दुसरे करताना कापली जाणारी रक्कम. स्पेलिंग ढिले असल्याने भात, भत्ता आणि बट्टा एकमेकांत मिसळतात. संदर्भ न पाहता आकडा उचलला की शिपायांच्या भत्त्याचे धान्य व्हायला वेळ लागत नाही.

'पॅगोडा'चा घोळ तर ऑक्झेंडनच्या एकाच सफरीत दोनदा भेटतो. तो पाचाडला पोहोचला तेव्हा महाराज प्रतापगडाला भवानीच्या दर्शनाला गेले होते, आणि त्या देवस्थानाला वृत्तांतात 'पॅगोड' म्हटले आहे. पुढे राजापूरच्या इंग्रज वखारीच्या लुटीची भरपाई ठरली दहा हजार 'पॅगोडा'. इथे देवळांचा संबंध नाही. हे सोन्याचे होन आहेत. देऊळ, मूर्ती आणि नाणे या तिन्ही अर्थांनी हा शब्द त्या काळी चालत असे.

'मूर' आणि 'जेंटू' हे दोन्ही शब्द पोर्तुगीजांकडून आलेले. मूर म्हणजे मुसलमान, जेंटू म्हणजे हिंदू. राज्याभिषेकाच्या दिवशी सिंहासनाच्या दोन्ही बाजूंना सोनेरी भाल्यांवर राजचिन्हे लावली होती. उजवीकडे मोठ्या दातांची सोन्याची दोन मत्स्यमुखे, डावीकडे घोड्यांच्या शेपट्या आणि एका भाल्यावर समतोल धरलेला सोन्याचा तराजू. ही चिन्हे 'मूरांच्या रीतीप्रमाणे' होती, असे ऑक्झेंडन लिहितो. मूर म्हटल्यावर आफ्रिकेकडे पाहायचे कारण नाही. दक्षिणेतल्या सुलतानांच्या आणि मोगलांच्या दरबारात अशी चिन्हे असत, एवढेच त्याला म्हणायचे आहे.

या वर्णनातून वाचनाची एक कसोटीही मिळते. ऑक्झेंडनला या चिन्हांची दरबारी नावे ठाऊक नव्हती, म्हणून त्याने डोळ्यांनी दिसले ते साध्या इंग्रजीत मांडले. मासे, शेपट्या, तराजू. आज त्याच्यावर भिस्त ठेवता येते ती त्यामुळेच. या कागदांत जिथे वस्तूचे वर्णन आहे तिथे ते सहसा भरवशाचे असतात. उसना शब्द आला की तपास करावा लागतो.

खरे इंग्रजी शब्द, जुने अर्थ

चौथा थर सर्वांत फसवा, कारण इथे शब्द अस्सल इंग्रजी आहेत आणि आज रोज वापरातले आहेत. 'फॅक्टरी' घ्या. रोह्याजवळच्या धाटावच्या औद्योगिक वसाहतीमुळे इथे फॅक्टरी म्हटले की चिमणी आणि पाळ्या डोळ्यांपुढे येतात. कंपनीच्या कागदांत फॅक्टरी म्हणजे वखार. तिथे काही तयार होत नसे, माल साठवला आणि विकला जाई. 'फॅक्टर' म्हणजे तिथला व्यापारी नोकर. त्याच्या खालच्या पायरीवर 'रायटर'. तो लेखक नव्हे, कारकून. 'प्यून' म्हणजे आजचा कार्यालयातला शिपाई नव्हे, हत्यारबंद प्यादा. 'शंभर प्यून पाठवले' हे वाक्य त्यामुळे पार बदलते.

'इन्व्हेस्टमेंट' म्हणजे विलायतेला पाठवायच्या मालाची खरेदी. 'कन्सल्टेशन' म्हणजे कौन्सिलची रीतसर बैठक आणि तिचे टिपण. 'एंटरटेन' हे क्रियापद शिपायांबद्दल आले तर करमणुकीचा प्रश्न नाही, त्यांना नोकरीत ठेवले असा अर्थ. 'डिस्कव्हर' म्हणजे पुष्कळदा उघड करणे. एखाद्याने आपला बेत 'डिस्कव्हर' केला तर त्याने तो सांगून टाकला. 'प्रेझेंटली' म्हणजे बहुधा ताबडतोब, आपल्या सरकारी इंग्रजीतले 'सध्या' नव्हे. 'वाँट' म्हणजे इच्छा नव्हे, तुटवडा. 'कॉर्न' म्हणजे मका नव्हे, कोणतेही धान्य. 'ग्रॅनॅडो' म्हणजे फुटणारे गोळे. १६६० मध्ये पन्हाळ्याच्या वेढ्यात राजापूरच्या इंग्रजांनी सिद्दी जौहरला मदत केली, त्या प्रकरणात हा शब्द येतो.

काही शब्दांत अर्थाबरोबर बाजूही असते. महाराजांना बंडखोर म्हणणारी इंग्रजी पत्रे आहेत. कंपनीची मोठी वखार सुरतेला, मोगलांच्या मुलखात होती आणि तिचा व्यापार बादशहाच्या परवान्यावर चाले. तो शब्द त्या जागेवरून लिहिलेला आहे. शब्दाचा अर्थ कोशात सापडतो. तो कोणी, कुठे बसून, कोणाला लिहिला हे पत्राच्या मथळ्यात पाहावे लागते.

तारखाही याच थरात येतात. इंग्लंडमध्ये १७५२ पर्यंत जुने ज्युलियन पंचांग चाले आणि त्याआधी सरकारी वर्ष २५ मार्चला सुरू होई. म्हणून जानेवारी ते मार्चमधल्या पत्रांवर '१६७३/४' अशी दुहेरी नोंद दिसते. पोर्तुगीजांनी नवे पंचांग १५८२ मध्येच स्वीकारले होते. सतराव्या शतकात या दोन पंचांगांत दहा दिवसांचे अंतर होते. परिणामी राज्याभिषेकाचा दिवस इंग्रजी वृत्तांतात ६ जून १६७४ आहे आणि त्याच दिवशी रेवदंड्याच्या पोर्तुगीज ठाण्यात १६ जून ही तारीख लिहिली गेली असणार. ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६ ही तिथी मात्र एकच. इंग्रजी आणि पोर्तुगीज कागद शेजारी ठेवून घटनाक्रम लावताना हे दहा दिवस विसरले तर उत्तर प्रश्नाच्या आधी पोहोचते.

साधने : कोणाचा उपयोग किती

या क्षेत्रातला प्रसिद्ध कोश म्हणजे हेन्री यूल आणि ए. सी. बर्नेल यांचा 'हॉब्सन-जॉब्सन'. तो १८८६ मध्ये आला आणि १९०३ मध्ये विल्यम क्रुकने त्याची सुधारलेली आवृत्ती काढली. याच क्रुकने पुढे फ्रायरचे प्रवासवर्णन टिपांसह तीन खंडांत संपादित केले. कोशाचे नावच विषयाला साजेसे आहे. मोहरममधला 'या हसन, या हुसेन' हा आक्रोश इंग्रज शिपायांच्या तोंडी हॉब्सन-जॉब्सन झाला. या कोशाचे बळ म्हणजे प्रत्येक शब्दाखाली सालवार दिलेले उतारे. त्यामुळे कोणता अर्थ केव्हा चालू होता ते दिसते. उणीव मराठीची. यूलची नोकरी उत्तरेत, बर्नेलची मद्रासेत. कोकणातल्या शब्दांना त्यांनी जागा दिली, पण मराठी उच्चार आणि मराठीतला व्यवहार त्यांच्या हाताशी नव्हता.

ती उणीव मोल्सवर्थ भरून काढतो. त्याच्या मराठी-इंग्रजी कोशाची पहिली आवृत्ती १८३१ ची, दुसरी १८५७ ची. दुसरीत सुमारे साठ हजार शब्द आहेत, आणि बोलीतले, शेतीतले, होड्यांचे शब्द त्याने आवर्जून घेतले आहेत. फ्रायरकडे एखादी नौका 'शीबार' म्हणून भेटली तर तिचे शिबाड हे मूळ नाव मोल्सवर्थमध्ये सापडते. पण तो एकोणिसाव्या शतकाचा साक्षीदार. शिवकाळासाठी त्याच्या जोडीला दाते-कर्वे यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश' आणि माधवराव पटवर्धनांचा १९२५ चा 'फारसी-मराठी कोश' घ्यावा लागतो. दरबारी शब्दांसाठी तर महाराजांच्याच आज्ञेने झालेला 'राज्यव्यवहारकोश' आहे. कंपनीचे कारकून आमचे शब्द कसेबसे उतरवत होते त्याच काळात रायगडावर फारसी शब्दांना संस्कृत पर्याय ठरत होते. त्यामुळे एकाच अधिकाऱ्याचे पद इंग्रजी कागदात एका नावाने आणि मराठीत दुसऱ्या नावाने येऊ शकते.

पोर्तुगीज वाटेने आलेल्या शब्दांसाठी सेबास्तियांव रोदोल्फ दाल्गादो यांना पर्याय नाही. ते गोव्यातल्या आसगावचे, घरची भाषा कोंकणी. त्यांचा पोर्तुगीज-आशियाई शब्दकोश १९१९ ते १९२१ या काळात निघाला. घरची भाषा आणि किनाऱ्यावरची दरबारी भाषा दोन्ही येणारा हा एकमेव मोठा कोशकार, म्हणून त्यांचे निर्णय पुष्कळदा यूलपेक्षा वजनदार ठरतात. अस्सल इंग्रजी शब्दांच्या सालवार अर्थांसाठी ऑक्सफर्डचा मोठा कोश आहेच.

उच्चाराचे काम दोन्ही बाजूंनी चालते, हेही नोंदवायला हवे. आपणही इंग्रजी शब्द कानानेच घेतले. बॅरिस्टरचा बालिष्टर, रिक्रूटचा रंगरूट, प्लॅटफॉर्मचा फलाट, कोर्टाचे कोरट. जोडाक्षर फोडणे, नवा स्वर घालणे, ओळखीच्या आवाजाकडे वळणे या सवयी तिकडच्या कारकुनाच्या आणि इकडच्या पक्षकाराच्या सारख्याच आहेत. त्यांचे स्पेलिंग अडाणी आणि आपला उच्चार गावठी, असे दोन्ही शेरे मारण्याऐवजी दोहोंचे नियम मांडले तर ते एकमेकांवर प्रकाश टाकतात.

राहिलेले काम

कोश आहेत, कागद छापलेले आहेत, मग अडते कुठे? या सर्व साधनांचा रोख इंग्रजी वाचकाकडे आहे. त्याला आपले शब्द परके आणि इंग्रजी आपलेसे. मराठी वाचकाची स्थिती उलटी आहे. त्याला 'अष्टमी' सांगावी लागत नाही, पण 'प्रेझेंटली' सांगावे लागते. त्याच्यासाठी वेगळा, मराठीतून लिहिलेला कोश हवा. त्यात प्रत्येक शब्दाला चार गोष्टी असाव्यात : कागदातले स्पेलिंग, त्या काळचा संभाव्य उच्चार, शब्द कोणत्या भाषेच्या तोंडातून आला, आणि त्या सालातला अर्थ. शंका असेल तिथे दोन्ही शक्यता द्याव्यात.

गावांच्या नावांचे काम तर स्थानिकांनीच करण्यासारखे आहे. १८८३ चे कुलाबा जिल्ह्याचे गॅझेटिअर, जुने नकाशे आणि वृत्तांतांतले मुक्काम घेऊन रोहा, माणगाव, पेण, अलिबाग इथल्या महाविद्यालयांतली मुले एकेक नाव मोठ्याने वाचून गाव ठरवू शकतील. वाड्या, बंदरे, ओढे यांची नावे तिथल्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी अजून जुन्या उच्चारांनी आहेत. शहरात वाढलेली पिढी हीच नावे रोमन पाट्यांवरून उचलत आहे, म्हणून हे काम लांबणीवर टाकता येणार नाही.

आणि हा कोश होईपर्यंत एक पथ्य पाळता येते. इंग्रजी कागदाच्या आधारावर शिवकालाबद्दल विधान करणाऱ्याने मूळ शब्द जसाच्या तसा द्यावा, त्याचा आजचा अर्थ गृहीत धरू नये आणि तारीख कोणत्या पंचांगाची ते सांगावे. एवढे केले तरी इतिहासाच्या नावाने चालणाऱ्या अर्ध्या भांडणांत भांडायला काही उरणार नाही.